पंचाला दिसलं पाहिजे

"डावा," मी म्हणालो.

दस्तगीरनं मादीचा डावा पंख हलकेच उलगडून माझ्यापुढं धरला. मी रबरी शिक्का शाईच्या पॅडवर दाबून तिच्या लांब पिसांवर उमटवला. मंडळाचं नाव, तारीख, नंबर सतरा. मग उजवा पंख. शाई वाळेपर्यंत त्यानं तिला छातीशी धरलं आणि ओठ तिच्या मानेजवळ नेले.

"फुंकर घालू नको," मी म्हणालो. "शिक्का फिसकटला तर कबूतर बाद होईल."

"फुंकर न्हाई दादा. तिला सांगतोय."

"काय?"

"संध्याकाळी ये म्हणून."

मागं लोखंडी खुर्चीत घडी केलेल्या वाकळेवर आबा बसले होते. आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव इंगवले. शुक्रवार पेठेत कबुतरांची ढाबळ असलेल्या प्रत्येक माणसाचे वस्ताद. "वाजलं किती?" त्यांनी विचारलं.

"सहा अठ्ठावीस."

"दस्तगीर, ह्याच्या घड्याळावर जाऊ नको बाबा. पेपरवाल्याचं घड्याळ हाय. त्यास्नी कायम उशीरच झालेला असतो."

दस्तगीर हसला. मी हसलो नाही. साडेसहाला मी "सोड" म्हणालो. त्यानं दोन्ही हात वर नेऊन उघडले आणि राखी रंगाची ती मादी पेठेच्या कौलांवरून निघाली. तीन घिरट्या, मग चौथी जरा उंच. मी वहीत लिहिलं : ६.३०, सुटले.

कोल्हापुरात मे महिन्यात या शर्यती होतात. मी सांगतोय ती सत्त्याऐंशी सालची. प्रत्येकानं आपल्या गच्चीवरून एक कबूतर सोडायचं, आणि जे सगळ्यांत जास्त वेळ आकाशात राहून आपल्याच ढाबळीवर उतरेल ते जिंकलं. संध्याकाळी सातच्या आत उतरलं पाहिजे. प्रत्येक गच्चीवर शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा एक पंच दिवसभर बसतो. कारण कबूतर एकदा उंच गेलं की डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही तेव्हा ते उडतंय की तीन गल्ल्या पलीकडं कुणाच्या पत्र्यावर दम खातंय हे कोण सांगणार? म्हणून नियम होता : दर दोन तासांत एकदा तरी कबूतर पंचाला दिसलं पाहिजे. मालकाला दिसून उपयोग नाही. नाही दिसलं तर बाद.

दस्तगीरच्या गच्चीवर येणारा पंच आदल्या दिवशी तापानं आडवा झाला होता. मंडळाची माणसं अडचणीत होती, तेव्हा दस्तगीरनंच माझं नाव सुचवलं. "जयवंतदादा पेपरात हाय. खोटं लिहायचा न्हाई." कुणी हरकत घेतली नाही. आबा तेवढे म्हणाले, "ह्यो? दिवसभर वर बघत बसायला मानसाला नाद लागतो."

योगायोग असा की तो शब्द त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आलेला होता. आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत एका शब्दावर एक सदर येई. कुणीतरी मास्तर ते लिहीत, पण ते गावी गेले होते आणि संपादकांनी मला सांगितलं, "इंगवले, या वेळी 'नाद' घ्या. या गावात हा शब्द लोक मिरवतात. कुठून आला, कसा आला, चारशे शब्द. पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत." मी तीन दिवस नगर वाचनालयात बसून जुने कोश चाळले. मला सत्तावीस वर्षांत नाद म्हणावा असा एकही नव्हता, आणि ते मला रोज सांगणारा माणूस घरातच होता.

दस्तगीर शिकलगार आमच्या ढाबळीवर पहिल्यांदा आला तेव्हा तेरा वर्षांचा होता, मी सोळाचा. त्याचे वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. तो आबांना दाणा निवडून देऊ लागला आणि मग गेलाच नाही. मी मॅट्रिकला शाळेत पहिला आलो तेव्हा आबा "बरं झालं" म्हणाले. त्याच आठवड्यात दस्तगीरनं वाढवलेलं पहिलं पिल्लू सलग दोन तास उडलं आणि आबांनी पाव किलो पेढे आणले. त्यातले चार दस्तगीरनं खाल्ले, दोन मी. त्याला आबांनी किती वेळा शाबास म्हटलं, त्याच्या पाठीवर कितीदा हात ठेवला, माझी आई गेली तेव्हाच्या दिवसांतही ढाबळीवर जाऊन त्याच्याशी किती वेळ बोलत बसले, हे सगळं मला तारीखवार सांगता आलं असतं. अकरा वर्षं.

साडेआठच्या आत ती दोनदा दिसली. दहा दहाला पुन्हा, आकाशाच्या मधोमध, पांढऱ्या कागदावर पेन्सिलीचं टोक टेकवावं तशी. मी लिहिलं : १०.१०, दिसले.

"कुठं हाय?" आबा विचारत.

"डोक्यावर. जरा पूर्वेला."

"पंख कसं मारतीया?"

"सावकाश."

"हं." ते समाधानानं मान टेकत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरला होता. ऑपरेशन करून घ्यायला ते तयार नव्हते, कारण डॉक्टरांनी महिनाभर उन्हात गच्चीवर जायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

अकराच्या सुमाराला दस्तगीरची बायको शमशाद चहा घेऊन वर आली. "घ्या भावजी. तुमी तरी खाली बघून चहा घ्या, ह्येंच्या कपात दर वेळी माशी पडती."

"भाभी, कंटाळा येत नाही तुम्हाला?"

"मला कसला? माझ्या बहिणीला एक सवत हाय, ती रडती. मला साठ हायत. साठ जणींचा हेवा कोण करत बसंल?"

आबा खो खो हसले. दस्तगीरनं मान खाली न आणता कप हातात घेतला.

मी वहीच्या मागच्या पानावरचं टिपण काढलं. वेळ घालवायला म्हणा, किंवा आबांना ऐकवायला म्हणा. "आबा, तुमच्या नादाचं मूळ सापडलंय."

"कुठं?"

"कोशात."

"कोशात कबुतरं हायत व्हय?"

"मुळात संस्कृतात नाद म्हणजे नुसता आवाज. घंटेचा, शंखाचा. मराठीत तो आवाजही राहिला आणि माणसाला लागणारी ओढही झाली. नादी लागणे, नादावणे, नादिष्ट. कसं झालं हे नक्की कुणी सांगत नाही. एक मास्तर म्हणाले, जुन्या लोकांत हरणाची गोष्ट होती. शिकारी आडोशाला बसून वाजवतो, हरीण कान देऊन उभं राहतं, त्याला पळायचं सुचत नाही आणि ते मरतं. त्यावरून असेल."

"म्हंजे मरतं हरीणच."

"हो."

"आनि शिकारी? त्योबी रोज झुडपात जाऊन बसतो. त्याला काय म्हणत्यात तुझ्या कोशात?"

"ते दिलेलं नाही."

"मग अर्धंच काम झालं," आबा म्हणाले.

दस्तगीर वर बघतच म्हणाला, "आमच्या अब्बाला कुणी नाद म्हटलं की राग यायचा. वाया गेला असा अर्थ घ्यायचे. आता मंडळाच्या बोर्डावर लिवत्यात."

"तेही घेतलंय मी," मी म्हणालो. "जुन्या माणसांच्या तोंडी दोष, आपल्या गावात शाबासकी."

बारा पाचला ती दिसली. नोंद केली. आता पुढची मुदत साडेबारा ते अडीच. ऊन चढलं, गच्चीचा कोबा तापला. शमशादभाभींनी भाकरी आणि वांग्याची भाजी वर पाठवली. आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत जेवलो. दस्तगीर उभ्यानं जेवला.

जेवताना मी आबांना विचारलं. अगदी सदरासाठी विचारावं तसं, पेन हातात घेऊन. "आबा, एक वाक्य सांगा. छापतो. तुमच्या बघण्यात खरा नाद कुणाला?"

"ह्येला," आबा म्हणाले. बोट दाखवायची गरज नव्हती.

"आणि?"

"आनि कुणाला न्हाई. बाकीच्यांना हौस हाय. हौस म्हंजे सणाचं कापड. ह्याचं तसं न्हाई. ह्याच्या घरात चूल पेटली न्हाई तरी ढाबळीत दाणा पडतो. माझ्यामागं माझी ढाबळ ह्यालाच जानार हाय, सांगून ठेवतो. लिव की ते बी."

"आणि मला?" मी विचारलं. ते वाक्य मी हसतच म्हणालो, तेवढं आठवतं.

"तुला काय रं? तुला नोकरी हाय." आबांनी ताटातला शेवटचा घास पुसून घेतला. "तुला कशाचा नाद न्हाई, जयवंता. लहानपणापास्नं न्हाई. नजर दिली देवानं, पर नजरंनं काय हुतंय?"

दस्तगीर म्हणाला, "असं बोलू नका वस्ताद." त्याचं ते मध्ये पडणं मला आबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन वाजेपर्यंत ती दिसली नाही. दस्तगीर कठड्यापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून कठड्यापर्यंत चालत होता. आकाश उन्हानं पांढरं झालं होतं आणि असल्या आकाशात ठिपका विरघळून जातो. सव्वादोनला त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून पिळला. "हाय वर," तो म्हणाला. "बसायची न्हाई ती. दिसली पायजे नुसती."

दोन वाजून एकवीस मिनिटांनी मला ती दिसली.

टाकीच्या उजव्या अंगाला ढगाचा एकच तुकडा होता. त्याच्या खालच्या कडेला तिळाएवढा काळा ठिपका. घार तरंगते, तिचा ठिपका सरकतो. हा ठिपका मिटत-उघडत होता. कबुतराचा ठिपका ओळखायची ती खूण आठव्या वर्षी मला आबांनी शिकवली होती, मला मांडीवर आडवं झोपवून. चूक व्हायला जागा नव्हती.

लगेचच दस्तगीर ओरडला, "दादा! टाकीच्या उजव्या हाताला! त्या ढगाच्या खाली!"

"कुठं?"

"खालच्या कडंला. हे बघा, माझ्या बोटाच्या रेषेत."

मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्याच्या बोटाच्या रेषेत बघितलं. ती तिथंच होती.

"दिसत नाही," मी म्हणालो.

"नीट बघा. आता जरा डावीकडं सरकली."

"ढग दिसतोय, दस्तगीर. कबूतर दिसत नाही."

आबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. आंधळ्यासारखी मान वर. "जयवंता, दिसलं काय रं?"

"नाही आबा."

नऊ मिनिटं. पुढं मी पुष्कळ लिहिलं, निवडणुका लिहिल्या, पूर लिहिले. नऊ मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं ते पुन्हा कधी कळायची गरज पडली नाही. दस्तगीर दाखवत होता, मी मान हलवत होतो. मधेच तो गप्प झाला. अडीच वाजले. मी खाली बसून वहीत लिहिलं : १२.३० ते २.३०, दिसले नाही. बाद.  अक्षर रोजच्यासारखंच आलं.

"वस्ताद," दस्तगीर आबांकडं वळला. "आईशप्पत सांगतो, हुतं तितं. मी बघितलं."

आबा पुन्हा खुर्चीत टेकले. मग त्यांनी विचारलं, "पंच कोन हाय?"

"जयवंतदादा."

"मग झालं की. त्याची नजर म्या तयार केलीया. ह्या पेठेत तसली नजर दुसरी न्हाई, तुझी बी न्हाई. माझ्या पोराला दिसलं न्हाई म्हंजे तितं कबूतर नव्हतं." त्यांनी माझ्या खांद्याच्या अंदाजानं हात पुढं केला, तो माझ्या दंडावर पडला आणि तिथंच राहिला. "तुला भास झाला आसंल, दस्तगीर. नादात हुतंय तसं."

जे ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो ते असं मिळालं. दस्तगीरसमोर, त्याला बाजूला सारून, माझ्या बाजूनं. आबांचा हात उन्हानं गरम झाला होता. मी तो काढला नाही.

दस्तगीरनं वाद घातला नाही. त्यानं रुमाल पुन्हा डोक्याला बांधला आणि त्याच जागी तोंड वर करून उभा राहिला.

बाद झालेल्या कबुतराचीही वाट पंचानं सातपर्यंत बघायची असते, म्हणून मी थांबलो. चहा आला. सहा वाजल्यावर आजूबाजूच्या गच्च्यांवर शिट्ट्या सुरू झाल्या, इतरांची कबुतरं उतरत होती. सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ती राखी मादी पश्चिमेकडून आली, ढाबळीवरून एक फेरी घेतली आणि पाय पुढं टाकून उतरली. दस्तगीरनं पाण्याचं मडकं तिच्यापुढं सरकवलं, तिला पोटभर पिऊ दिलं, मग उचललं. मी दोन्ही पंख तपासले. शिक्के जसेच्या तसे होते. बारा तास सतरा मिनिटं.

"बघू हिकडं," आबा म्हणाले.

दस्तगीरनं तिला त्यांच्या तळहातांत ठेवलं. आबांची बोटं तिच्या छातीच्या हाडावरून फिरली, पंखांच्या सांध्यात शिरली, मग एकेक पाय चिमटीत धरून त्यांनी नखं चाचपली. घरात दागिना परत आल्यावर म्हातारी माणसं बघतात तसे ते सावकाश बघत होते, बोटांनी. शेवटी ते म्हणाले, "छाती पार बसलीया. नखात माती न्हाई, धूळ न्हाई. ही दिवसभरात कुठं टेकलेली न्हाई."

त्यांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं.

"मंग दुपारी कुठं हुती, जयवंता?"

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणालो.

आबांनी मादी दस्तगीरला परत दिली. उठले. जिन्यासाठी त्यांना हात लागे. तो मी दिला. अर्ध्या जिन्यात, जिथलं बोलणं वर ऐकू जात नाही आणि खालीही नाही, तिथं ते थांबले.

"जेवताना मी तुला चुकीचं सांगितलं," ते म्हणाले.

"काय?"

"तुला कशाचा नाद न्हाई म्हणालो. हाय की."

मी खालच्या पायरीवर पाय टेकला.

"त्यो वर हुबा हाय नव्हं, त्येचा." त्यांनी पायानं पुढची पायरी शोधली. "अकरा वर्सं रोज बघतोयस त्येला. मला वाटायचं, कबुतरं बघतोयस."

मी ती अकरा वर्षं मोजत आलोय हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. 

सोमवारच्या अंकात शर्यतीची बातमी मीच केली. क्रमांक सतरा, मालक दस्तगीर शिकलगार, पंचांना न दिसल्याने बाद. पहिला नंबर दहा तास बावन्न मिनिटांचा होता. बातमीतला प्रत्येक आकडा मी वहीशी ताडून बघितला.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी दस्तगीरच्या गच्चीवर गेलो. त्यानं नुकतीच ढाबळ उघडली होती आणि सगळी कबुतरं समोरच्या कौलांवर जाऊन बसली होती. हातात दाण्याची परात होती.

"दस्तगीर, मला ती दिसली होती. दोन एकवीसला."

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"तुमी तोंडानं न्हाई म्हणत हुता, पर डोळं तिच्यासंगं सरकत हुतं. ती डावीकडं गेली की डावीकडं. शेवटची चार मिंटं मी वर बघितलंच न्हाई दादा, तुमच्याकडं बघत हुतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलनारच हुतो. तेवढ्यात वस्ताद म्हणाले, माझ्या पोराची नजर. कसलं फुगले हुते म्हातारबा! तुमच्याविषयी असं कवा बोललेत व्हय? म्या म्हटलं, असू दे."

"मी मंडळात जाऊन सांगतो. लेखी देतो. निकाल फिरेल, कप तुला मिळेल."

"द्या नायतर देऊ नका. तुमचं तुमी बघा." त्यानं परातीतला एक खडा वेचून कठड्यापलीकडं टाकला. "तिला बारा तास सतरा मिंटं झाली. ती उडली तवा मी बघत हुतो. आता निकाल फिरला तर ती तेरा तास उडली असं हुनार हाय काय?"

मला राग आला. माफी मागायला आलेल्या माणसाला असा राग येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला त्यानं शिवी द्यायला हवी होती. कॉलर धरायला हवी होती. अकरा वर्षांत त्यानं माझ्याकडं एकदाच नीट बघितलं होतं, चार मिनिटं, आणि तेही कबूतर कुठं आहे हे माझ्या डोळ्यांत दिसतंय म्हणून.

"दस्तगीर," मी म्हणालो, "ऐक जरा."

"दादा, मागनं बोलू. जरा जिन्यात जावा. तुमी हितं हुबं असताना ती खाली उतरायची न्हाईत."

मी जिन्याकडं गेलो. चार पायऱ्या उतरून थांबलो. वरून कौलांवरची फडफड ऐकू आली, पण एकही कबूतर उतरलं नाही.

"अजून खाली," दस्तगीर म्हणाला.